दुःख की नैराश्य? लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्यातून समजून घेऊ

वडील जाऊन तीन आठवडे झाले, आई अजून अधूनमधून रडते, तेव्हा तिला डिप्रेशन आले आहे का, असे विचारत मुलगा दवाखान्यात येतो. दुसऱ्या एका घरात सून चार महिने नीट झोपलेली नाही, जेवणावरची वासना गेली आहे, केस विंचरायचेही तिच्या जिवावर येते. पण पोटचे बाळ गेल्यावर असे होणारच, असे म्हणून तिला कोणी डॉक्टरकडे आणत नाही. भिंगारमध्ये प्रॅक्टिस करताना मला ही दोन्ही प्रकारची घरे भेटतात. पहिल्या घराला धीर द्यावा लागतो, दुसऱ्या घराला उपचार. दोघांची गल्लत झाली तर नुकसान बहुधा दुसऱ्या घराचे होते.

दुःख आणि नैराश्याचा आजार यांतला फरक नुसत्या लक्षणांची यादी वाचून नीट कळत नाही. एखादे आख्खे आयुष्य डोळ्यांसमोर असले की तो लवकर कळतो. म्हणून तुम्हाला लक्ष्मीबाई टिळकांविषयी सांगतो. स्मृतिचित्रे या आत्मचरित्राच्या लेखिका म्हणून त्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल, कदाचित शाळेत त्यांचा धडाही वाचला असेल. त्यांच्या संसाराचा मोठा भाग आपल्या नगरात, म्हणजे भिंगारहून हाकेच्या अंतरावर गेला.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले. घरातल्या एका वडीलधाऱ्याला १८५७ च्या बंडानंतर इंग्रजांनी फाशी दिले, आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याओवळ्याचे जणू वेड लागले. घरात येणारी वस्तू धुऊन घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. हे वाचताना माझ्यातला डॉक्टर थबकतो, कारण ज्याला आपण मंत्रचळ किंवा ओसीडी म्हणतो त्याच्याशी हे वर्णन फार जुळते. त्या काळी त्याला कर्मठपणा म्हणून सोडून दिले गेले. मनाचे आजार रूढीच्या आड कसे लपतात याचे हे उदाहरण, पण आज आपला विषय वेगळा आहे.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी, बुद्धिमान, तापट आणि कमालीचे लहरी. न सांगता घरातून निघून जावे, नोकरी सोडावी, घरातली वस्तू कोणालाही देऊन टाकावी, असा त्यांचा स्वभाव. लक्ष्मीबाईंना शाळा कशी ती माहीत नव्हती. अक्षरओळख झाली ती नवऱ्याच्या हाताखाली. मुले झाली, काही लहानपणीच गेली. एवढ्यावरच एखादी बाई खचली असती तरी आश्चर्य वाटले नसते.

मग १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळच्या ब्राह्मण घरात याचा अर्थ काय होता, ते आज समजायला कठीण आहे. नवरा जिवंत होता, पण समाजाच्या हिशेबी नाहीसा झालेला. त्याच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्याच्या घरी राहता येत नव्हते. पदरी लहान मुलगा दत्तू. पुढची चार-पाच वर्षे लक्ष्मीबाई आप्तांच्या आधाराने, काही काळ पंढरपुरात, टिळकांपासून वेगळ्या राहिल्या. ज्याचा मृत्यू झालेला नाही अशा माणसाचा शोक करणे फार अवघड असते. तेरावा होत नाही, भेटायला येणाऱ्यांना काय बोलावे कळत नाही आणि मनाला कुठेच पूर्णविराम मिळत नाही. घर सोडून गेलेला मुलगा, दारूच्या नादी लागून परका झालेला नवरा, स्मृतिभ्रंश झाल्यामुळे ओळख विसरलेली आई, असे ज्यांच्या घरी आहे त्यांना हे दुःख ओळखीचे वाटेल.

आता प्रश्न असा की लक्ष्मीबाईंना झाले ते दुःख होते की नैराश्य?

शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान कोणताच डॉक्टर करू शकत नाही आणि मीही करत नाही. पण त्यांनी स्वतःविषयी जे लिहून ठेवले आहे, ते वाचताना एक डॉक्टर म्हणून मी काय शोधतो, ते सांगतो.

पहिली गोष्ट मी शोधत नाही, ती म्हणजे कारण. हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. बहुतेक घरांत कसोटी अशी लावली जाते की कारण असेल तर दुःख, कारण नसेल तर डिप्रेशन. ही कसोटी चुकीची आहे. नैराश्याचा आजार कधी काहीही न घडता येतो, तर कधी खऱ्याखुऱ्या मोठ्या आघातानंतर येतो. पाय घसरून पडल्यावर हाड मोडले, तर पडण्याचे कारण माहीत आहे म्हणून आपण प्लास्टर टाळत नाही. तसेच हे आहे. लक्ष्मीबाईंकडे रडायला डोंगराएवढे कारण होते. तेवढ्यावरून त्यांना आजार नव्हता असे ठरत नाही आणि होता असेही ठरत नाही.

मी शोधतो ते हे, की दुःख भरतीओहोटीसारखे येते-जाते का. साधे दुःख, अगदी जिवाचे पाणी करणारे असले तरी, लाटांनी येते. पत्र आले, सण आला, मुलाने वडिलांची आठवण काढली की लाट उसळते, आणि मध्येच थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत माणूस जेवतो, शेजारणीशी दोन शब्द बोलतो, एखाद्या वेळी हसतोसुद्धा. लक्ष्मीबाईंच्या आठवणींत या उसंती दिसतात. त्या सर्वात वाईट दिवसांतल्याही माणसांच्या गमती, बोलण्यातले ठसके त्यांच्या लक्षात राहिले आहेत. नैराश्यात मात्र ढग हटत नाहीत. दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन उदास राहते, किंवा कशातच गोडी वाटत नाही. नातू मांडीवर येऊन बसला तरी आतून काही हलत नाही. रुग्ण पुष्कळदा दुःख होते असे सांगतच नाहीत, काहीच वाटत नाही असे सांगतात.

दुसरे, राग कोणावर आहे. लक्ष्मीबाई टिळकांवर रागावल्या, भांडल्या, रुसल्या. दोघांत पत्रव्यवहार चालू राहिला. आपल्यावर अन्याय झाला आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि आपण कवडीमोल आहोत असे त्यांना वाटल्याचे दिसत नाही. नैराश्यात राग आत वळतो. माझ्यामुळेच हे झाले, मी घरावर ओझे आहे, मी नसले तर सगळे सुटतील, असे विचार घर करतात. शोकात माणसाला गेलेल्याची आठवण छळते, नैराश्यात स्वतःचे असणेच छळू लागते. घरातले माणूस काय बोलते ते ऐकताना हा फरक लक्षात ठेवा.

तिसरे, मनाला कुठे वाट सापडते का. या विरहाच्या काळात लक्ष्मीबाई कविता रचू लागल्या. कधी शाळेत न गेलेली, जेमतेम लिहिता येणारी बाई आपले दुःख शब्दांत बसवू लागली. कविता केली म्हणून आजार नाही, असे मी म्हणत नाही. त्याचे उलट उदाहरण याच घरात आहे, ते पुढे येईलच. पण काहीतरी करावेसे वाटणे, ते सुरू करता येणे आणि त्याने जरा हलके वाटणे, या तिन्ही गोष्टी शाबूत असतील तर डॉक्टरला धीर येतो.

चौथे, दिवस जातील तसे काय होते. काही वर्षांनी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन टिळकांकडे नगरला आल्या. आल्या त्या लगेच बदलल्या नाहीत. वेगळे राहून, आपले सोवळे सांभाळून, आपला स्वयंपाक आपण करून त्यांनी आधी बेतशीर अंतर ठेवले. मग जातीपातीचा विचार त्यांनी स्वतः करून टाकून दिला आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. धर्मांतर योग्य की अयोग्य हा या लेखाचा विषय नाही. मला यात दिसते ते असे की त्यांचे मन बंद पडलेले नव्हते. ते विचार करत होते, निर्णय घेत होते, घेतलेला निर्णय पुढे नेत होते. नैराश्यात नेमके हेच अडते. आज कोणती भाजी करायची, हे ठरवतानाही माणूस दमून जातो.

याच नगरच्या घरात पुढे एक तरुण राहायला आला. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी. जन्म १८९० चा, खानदेशातल्या धरणगावचा. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या पोराने सगळ्यांना थक्क केले, आणि तिथेच त्यांना बालकवी हे नाव मिळाले. टिळकांनी त्यांना नगरला आणले आणि लक्ष्मीबाईंनी मुलासारखे सांभाळले. त्यांच्या आनंदाच्या, श्रावणाच्या, झऱ्याच्या कविता तुम्ही शाळेत म्हटल्या असतील. पण याच कवीने उदासीनतेवरही लिहिले आहे, आणि त्यात तो म्हणतो ते थोडक्यात असे, की ही उदासी कुठून येते तेच आपल्याला समजत नाही. स्वभाव हळवा, लहरी. एका ठिकाणी फार काळ ते टिकत नसत. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी ते गेले. या मृत्यूविषयी पुष्कळ तर्क केले जातात. त्यात आपण पडू नये. कवितेवरून कवीचे निदान करणे हा वाचकांचा आवडता खेळ आहे, पण त्याने कोणाचेच भले होत नाही.

बालकवींचा उल्लेख मी दुसऱ्या कारणासाठी केला. कसलेही कारण नसताना येणारी उदासी घरच्यांना फार चिडवते. सगळे आहे, खायला-प्यायला आहे, नोकरी आहे, मग याला झाले आहे काय, असे आईवडील माझ्यासमोर मुलाला विचारतात. मुलाजवळ उत्तर नसते, कारण त्यालाही ते माहीत नसते. उत्तर देता येत नाही म्हणजे तो ढोंग करतो आहे, असे नाही. मेंदूची रासायनिक घडण, घरातली आनुवंशिकता, लहानपणीचे ताण, झोप, दारू, थायरॉईड, अशा अनेक गोष्टी यात मिसळलेल्या असतात. अशा तरुणाला कारण विचारणे थांबवा आणि तपासणीला घेऊन या. कधी फार उदास, तर कधी झोपेची गरज न वाटता प्रचंड उत्साह, भरधाव बोलणे, वारेमाप खर्च, असे आलटून पालटून होत असेल तर तेही डॉक्टरांना नक्की सांगा. त्या आजाराची औषधे वेगळी असतात, आणि नुसती नैराश्याची गोळी त्यात अपाय करू शकते.

लक्ष्मीबाईंकडे परत येऊ. १९१७ साली टिळकांनी संन्यस्त वृत्तीने राहायचे ठरवले आणि साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला. पुढच्या वर्षी मे महिन्यात बालकवी गेले. त्यानंतर बरोबर एक वर्ष आणि चार दिवसांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशीत होत्या. टिळकांचे ख्रिस्तायन हे महाकाव्य अर्धवट राहिले होते. जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंनी पुढचे साठाहून अधिक अध्याय स्वतः लिहिले. आणि मग, साठी उलटल्यावर, स्मृतिचित्रे. हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

इथे एक विनंती आहे. हे वाचून कृपा करून तुमच्या घरातल्या रुग्णाला लक्ष्मीबाईंचे उदाहरण देऊ नका. बघ, त्या बाईने केवढे सोसले आणि तू एवढ्याशा गोष्टीने झोपून राहतेस, असे वाक्य नैराश्याच्या रुग्णाला सुरीसारखे लागते. आपण कमी पडतो ही भावना त्या आजारातच असते, तुम्ही तिच्यावर शिक्का मारता. लक्ष्मीबाई सावरल्या यामागे त्यांचा स्वभाव होता, आधार देणारे आप्त होते, विनोदबुद्धी होती आणि बहुधा आजार नव्हता. ज्याला आजार आहे त्याच्याकडून इच्छाशक्तीच्या बळावर उठण्याची अपेक्षा करणे, म्हणजे दम्याच्या रुग्णाला जोरात श्वास घे म्हणून दटावण्यासारखे आहे. उलट, हसतो-बोलतो म्हणजे ठीक आहे असेही समजू नका. पाहुण्यांसमोर नेटाने हसून घरी आल्यावर अंथरुणात तोंड खुपसणारे रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत.

आपल्याकडे नैराश्य बरेचदा मनाचे नाव घेऊन येतच नाही. अंग मोडून येते, डोके जड राहते, छातीत धडधडते, गॅस होतात, पहाटे तीन-चारला जाग येते ती येतेच. भिंगार छावणीतल्या जवानांच्या घरांतून आणि आसपासच्या गावांतून येणाऱ्या बायका महिनोन्‌महिने अशक्तपणाची सलाईन मागत राहतात. तपासल्यावर कळते की गेले कित्येक महिने कशातच मन नाही. वृद्धांमध्ये विसरभोळेपणा आणि चिडचिड एवढेच दिसू शकते. पुरुषांत दारू वाढते.

डॉक्टर काय करतात? आधी विचारपूस. उदासी किंवा गोडी हरवणे, या दोहोंपैकी निदान एक, आणि त्याच्याबरोबर झोप, भूक किंवा वजन, थकवा, एकाग्रता, हालचाल मंदावणे किंवा अस्वस्थ येरझाऱ्या, अपराधी वाटणे, मरणाचे विचार, यांतली लक्षणे मिळून पाच किंवा जास्त दोन आठवडे टिकली आणि त्यामुळे रोजचे काम अडू लागले, तर नैराश्याचा आजार धरला जातो. नऊ प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली यासाठी वापरतात. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, गरजेप्रमाणे बी-१२ तपासतात, कारण यांच्या बिघाडानेही असेच वाटू शकते. जवळचे माणूस गेल्यावर वर्ष उलटले तरी रोजची तडफड तितकीच तीव्र असेल आणि जगणे ठप्प असेल, तर त्यालाही आता लांबलेल्या शोकाचा वेगळा विकार मानतात, आणि त्यावरही मदत मिळते.

सौम्य नैराश्यात समुपदेशन, नियमित झोप, चालणे आणि माणसांत राहणे यांनी पुष्कळ फरक पडतो. मध्यम किंवा तीव्र असेल तर गोळ्या लागतात. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, म्हणून आठ दिवसांत सोडू नका. बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने किंवा अधिक काळ चालू ठेवाव्या लागतात आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी कराव्या लागतात. या गोळ्यांची चटक लागत नाही. चटक लागते ती झोपेच्या काही गोळ्यांची, आणि गंमत अशी की लोक त्या मेडिकलमधून स्वतः मागून घेतात, तर नैराश्याच्या गोळ्यांना घाबरतात.

साध्या दुःखात गोळी नको. तिथे सोबत हवी. रडणाऱ्याला रडू द्या, गेलेल्याचे नाव घरात घेऊ द्या, दोन घास वेळेवर पोटात जातील एवढे पाहा. आणि पंधरा दिवसांनी, महिन्याने पुन्हा नीट बघा. लाटा लांबत चालल्या आहेत का, उसंत वाढते आहे का. उसंत वाढत नसेल, उलट माणूस आक्रसत चालले असेल, तर तपासणीला आणा.

एका बाबतीत मात्र पंधरा दिवस थांबू नका. मरणाची भाषा, निरवानिरवीची बोलणी, एकाएकी वस्तू वाटून टाकणे, असे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे या. जीव नकोसा वाटतो का, असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, बहुतेकांना कोणीतरी विचारले म्हणून सुटल्यासारखे वाटते. त्या माणसाला एकटे सोडू नका. शेतीची औषधे, उंदराचे औषध आणि घरातल्या गोळ्यांचा साठा कुलपात ठेवा किंवा घराबाहेर हलवा. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे दाखवता येते.

पहिल्यांदा दाखवायला येताना रुग्णाबरोबर घरातले एक माणूस या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, रक्तदाबाच्या, संधिवाताच्या, झाडपाल्याच्यासुद्धा, पिशवीत घालून आणा. झोप किती, जेवण किती आणि हे कधीपासून, एवढे कागदावर लिहून आणलेत तर उत्तम. रुग्णाला बोलायला सुचत नाही तेव्हा तो कागद कामाला येतो.